विहीणबाईंबरोबर न्हा त्रांग

विहीणबाईंना बरोबर घेऊन परदेश बघायला निघालेली बाई एक तर फार शूर असते, नाही तर तिच्या मुलीने तिला कामाला जुंपलेलं असतं. मी शूर नाही. चांगी विमानतळावर माझ्या शेजारी बसून वसुधाताई खाऊच्या डब्याचं झाकण घट्ट आहे ना, हे चौथ्यांदा बघत होत्या आणि मी मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होते. आम्ही निघालो होतो व्हिएतनाममधल्या न्हा त्रांग नावाच्या समुद्रकाठच्या शहरात. तीन रात्री, चार दिवस.

आधी ओळखी करून देते. मी सुलभा. बावीस वर्षं सिंगापुरात बेडोकला राहते. नवरा पहाटे कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जातो, मी एका शिपिंग कंपनीत वेळापत्रकं लावते. आमची मुग्धा आठ वर्षांची असताना इथे आली, इथेच वाढली आणि पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या अनिरुद्धशी लग्न करून आता पासिर रिसला राहते. तिला सातवा महिना लागला होता. अनिरुद्धची आई म्हणजे वसुधाताई. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. सुनेच्या कौतुकासाठी त्या पुण्याहून महिनाभर राहायला आल्या होत्या. दोन आया आणि एक स्वयंपाकघर हे गणित दहा दिवसांत मुलांच्या लक्षात आलं असावं, कारण 'तुम्ही दोघी जरा मजा करून या' म्हणून त्यांनी ही सहल आमच्या गळ्यात घातली.

निघायच्या आदल्या दिवशी मुग्धाचा फोन आला.

"आई, सासूबाईंनी तिकीट बदललं. शनिवारी जाणार म्हणतात. रविवारी माझं डोहाळजेवण आहे आणि त्या शनिवारी चालल्या!"

"का गं? काय झालं?"

"म्हणतात, पुण्याच्या घराची पाण्याची टाकी धुवायची आहे. टाकीसाठी कोण परत जातं, आई? अनिरुद्धने विचारलं तर हसतात नुसत्या."

"मी बोलते त्यांच्याशी."

"बोल, पण नीट बोल ला," सिंगापुरी 'ला' जोडून ती म्हणाली. "ऑफिसमध्ये बोलतेस तसं नको. आणि ऐक, त्या नसतील तर मला ते फंक्शनच नको. सीरियसली."

आता या मुलीला मी ओळखते. नको म्हणाली म्हणजे नको. पंचवीस बायकांना आमंत्रणं गेलेली, हिरव्या बांगड्या आणलेल्या, फुलांच्या दागिन्यांची ऑर्डर दिलेली. शिवाय खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं नव्हतं. एकुलत्या एका मुलाची आई आदल्या दिवशी विमानात बसून निघून जाते, याला काही तरी कारण असणार. ते शोधायचं आणि त्यांना थांबवायचं, एवढं काम घेऊन मी समुद्र बघायला निघाले होते.

दोन तासांत विमान कॅम रान्हला उतरलं. घड्याळ एक तास मागे केलं. तिथून शहर पाऊण तासावर, आणि तो पाऊण तास समुद्र उजव्या हाताला बरोबर चालतो. डाव्या बाजूला पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामागे डोंगर. वसुधाताईंनी गाडीची काच खाली केली आणि ओढणी कानाभोवती गुंडाळली.

"एवढा निळा खरंच असतो का हो? मला वाटायचं, फोटोत रंग भरतात."

ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "इंडिया?"

"सिंगापूर," मी म्हणाले.

"पुणे," वसुधाताई म्हणाल्या. ड्रायव्हरने दोन्हीला मान डोलावली.

हॉटेल समुद्राच्या रस्त्यावरच होतं. समोर वाळू, माडांची रांग, मध्ये एक रुंद रस्ता आणि त्या रस्त्यावर स्कूटर. किती स्कूटर म्हणून सांगू! एकीवर तीन माणसं, एकीवर फ्रीज, एकीवर अख्खं फुलांचं दुकान. मी पट्ट्यांजवळ उभी राहिले आणि हिरवा माणूस दिसायची वाट बघू लागले. हिरवा माणूस दिसला, पण स्कूटरींना तो दिसला नसावा. पाच मिनिटं गेली. बावीस वर्षं सिंगापुरात राहिल्यावर माणसाचे पाय सिग्नलचं ऐकतात, स्वतःचं ऐकत नाहीत.

वसुधाताईंनी माझं मनगट धरलं, उजवा हात आडवा केला आणि चालू लागल्या. ना डावीकडे पाहिलं, ना उजवीकडे. स्कूटर आमच्या पुढून-मागून सुर्रकन गेल्या, एकही थांबली नाही आणि एकही अंगावर आली नाही.

"घाबरता काय? पळायचं नाही, थांबायचं नाही. आपण कुठे जाणार ते त्यांना कळलं पाहिजे," पलीकडे पोहोचल्यावर त्या म्हणाल्या. "टिळक रोड ओलांडलेल्या बाईला हे म्हणजे अंगण."

पहिल्याच संध्याकाळी आमची पायरी अशी ठरून गेली. मी वाट चुकणारी, त्या वाट काढणाऱ्या.

जेवणाची काळजी मी आधीच केली होती. मी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये मासे मिटक्या मारत खाते, पण वसुधाताई अंडंसुद्धा खात नाहीत. व्हिएतनाममध्ये पाण्यालाही माशांचा वास येतो असं कुणी तरी सांगून त्यांना घाबरवलं होतं. पण पाटीवर 'कॉम चाय' लिहिलेलं असलं की निर्धास्त आत शिरावं. कॉम म्हणजे भात आणि चाय म्हणजे शाकाहारी. इथले पुष्कळ लोक पौर्णिमेला आणि अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी मांसमच्छी खात नाहीत, म्हणून अशी घरगुती खानावळ गल्लोगल्ली सापडते. आम्हाला भात, आल्यात परतलेलं टोफू, फणसाच्या कुयरीची भाजी आणि आंबटसर सार मिळालं. वसुधाताईंनी आधी वास घेतला, मग चव घेतली, मग दुसऱ्यांदा भाजी मागितली.

खानावळीची मालकीण मोडकं इंग्रजी बोलायची. तिने आम्हा दोघींकडे बोट करून विचारलं, "सिस्टर?"

आता इंग्रजीत विहीण कसं सांगणार? मी म्हणाले, हिचा मुलगा, माझी मुलगी. तिने क्षणभर विचार केला आणि टाळी वाजवली. "सुई या! सुई या!" त्यांच्या भाषेत व्याही-विहिणींना नावच आहे म्हणे. मग तिने स्वतःच्या कपाळाला हात लावून डोळे फिरवले आणि आपल्या विहिणीबद्दल काही तरी सांगू लागली. शब्द कळले नाहीत, मजकूर सगळा कळला. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

लोखंड तापलंय असं वाटून मी विषय काढला. "वसुधाताई, टाकीचं एवढं काय आहे? पुढच्या महिन्यात धुता येईल की."

"टाकी नाही हो फक्त. सोसायटीची मीटिंग आहे," त्या म्हणाल्या आणि सार प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनीच मला उठवलं. खिडकीतून खाली बघते तर अख्खं गाव समुद्रात! आमच्यासारखे प्रवासी झोपलेले आणि इथले आजी-आजोबा पाण्यात. काही जण वाळूवर हातवारे करत व्यायाम करत होते, पण बायकांचे घोळके गळ्याएवढ्या पाण्यात गोल करून नुसते गप्पा मारत होते. डोक्यावर टोप्या, गळ्याखाली समुद्र. लाट आली की सगळ्या एकदम वर व्हायच्या, बोलणं न तोडता खाली यायच्या.

आम्ही पाऊल ओलं करून परत यायचं ठरवलं होतं. एका आजींनी हात करून बोलावलं. मी 'नको नको' म्हणेपर्यंत वसुधाताई सलवार-कमीजसकट कमरेएवढ्या पाण्यात गेल्या होत्या. घोळक्याने जागा करून दिली. त्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण गुडघ्यांवर बोट ठेवून बराच वेळ चर्चा झाली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "त्या निळ्या टोपीवालीचा डावा गुडघा. माझ्यासारखाच."

त्या दिवशी आम्ही इथलं प्रसिद्ध चिखलस्नान केलं. गरम पाण्याच्या झऱ्याचा मऊ राखाडी चिखल एका लाकडी टबात भरतात आणि त्यात बसायचं. मी ऐटीत पाय टाकला आणि घसरून थेट नाकापर्यंत बुडाले. तोंडात गेलेल्या चिखलाची चव मीठ घातलेल्या पाटीच्या पेन्सिलीसारखी लागते, हे ज्यांना जायचं असेल त्यांच्या माहितीसाठी. वसुधाताई मात्र काठ धरून हळूच बसल्या. त्या चिखलात माणूस धड बुडत नाही आणि धड बसतही नाही. दोन विहिणी, मानेपर्यंत राखाडी, समोरासमोर तरंगत होत्या. इथून त्यांना पळून जाता येणार नव्हतं.

"खरं सांगा," मी म्हणाले, "मुग्धाचं काही चुकलं का?"

"छे! लाख मोलाची पोर आहे."

"मग अनिरुद्धचं?"

"त्याचं रोजच चुकतं, पण त्याला मी तिकीट बदलत नाही."

"मग?"

"तुळशीला पाणी घालायला कुणी नाही, सुलभाताई," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

टाकी, सोसायटी, तुळस. तीन कारणं सांगणाऱ्या माणसाचं खरं कारण चौथं असतं, एवढं मला नोकरीने शिकवलं आहे. पण चिखलात बसलेल्या बाईला किती छळणार?

संध्याकाळी मात्र त्यांची कळी खुलली, कारण आम्हाला रस्त्याच्या कडेला आप्पे सापडले. इथे त्यांना 'बान कान' म्हणतात. मातीची शेगडी, तिच्यावर मातीचं आप्पेपात्र, प्रत्येक खळग्याला चिमुकलं मातीचं झाकण. तांदळाचं पीठ ओतायचं, वर अंडं नाही तर कोळंबी, आणि झाकण ठेवायचं. आम्ही 'चाय' म्हटल्यावर बाईने नुसत्या पिठाचे, पातीचा कांदा घातलेले काढून दिले. वसुधाताई प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसल्या त्या तिच्या शेगडीला नाक लावूनच. दोन आप्पे चिकटले तेव्हा त्यांना राहवेना. बाजूच्या भाजीच्या टोपलीतून वांगं उचलून त्याच्या देठाने तेल कसं फिरवायचं, ते त्यांनी करून दाखवलं. बाईने एकदा करून पाहिलं, मग आपल्या फडकं बांधलेल्या काडीनेच पुढे चालू ठेवलं. "ऐकत नाही," वसुधाताई मला म्हणाल्या, पण सोळा आप्पे खाऊन उठल्या.

तिसरा दिवस देवीचा. न्हा त्रांगमध्ये नदी समुद्राला मिळते तिथे टेकडीवर पो नगर नावाच्या देवीचं हजारेक वर्षांचं देऊळ आहे. पूर्वी इथे चाम लोकांचं राज्य होतं आणि ते आपल्याकडचेच देव पुजायचे. राज्य गेलं, देवी राहिली. आता व्हिएतनामी माणसं तिला आपल्या नावाने पुजतात. भातशेती आणि विणकाम तिनेच शिकवलं म्हणतात. हे मी सिंगापुरातच वसुधाताईंना सांगितलं होतं, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या होत्या, "मग ओटी भरायला हवी."

ओटीसाठी नारळ हवा, म्हणून सकाळी आम्ही आधी बाजार गाठला. सुकवलेल्या माकुलांच्या, म्हणजे स्क्विडच्या, वासाने वसुधाताईंनी पदर नाकाला लावला तो बाहेर येईपर्यंत काढला नाही. नारळाच्या पहिल्या बाईला आम्ही खुणेने नारळ मागितला. तिने हसून कोयत्याने सपकन वरचा भाग उडवला आणि स्ट्रॉ खोचून हातात दिला. तो प्यायलो. दुसरीने करवंटी फोडून खोवायला घेतला. तिसऱ्या दुकानात मी दोन्ही हात आडवे धरून नारळ वाचवला, आणि शेंडीसकट सोललेला एक घेऊन आम्ही टेकडीकडे निघालो.

लाल विटांची उंच शिखरं, दोन विटांमध्ये चुन्याची रेघसुद्धा दिसत नाही. मोठ्या गाभाऱ्याच्या दारावर दगडात नाचणारा शंकर आहे आणि त्याच्या पायाखाली बैल. "अहो, हा नंदी!" वसुधाताई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की रांगेतले लोक वळून पाहू लागले. परक्या गावात अचानक माहेरचं माणूस दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्या सुती साडीत होत्या, त्यांना सरळ आत सोडलं. माझी विजार गुडघ्याशी संपत होती, म्हणून मला दारातच एक राखाडी झगा चढवायला लावला.

आत अंधार, उदबत्त्यांचा धूर, आणि पिवळ्या रेशमी वस्त्रात देवी. दहा हातांची आहे म्हणतात, आम्हाला दोनच दिसले. गाभाऱ्यात एक वयस्क बाई लोकांची तबकं मांडून देत होत्या. वसुधाताईंनी पिशवीतून नारळ काढला, तांदूळ, सुपारी, हळकुंड काढलं. त्या बाईंनी सुपारी पाहिली आणि कोनाड्यातून विड्याची पानं आणून आपणहून तबकात ठेवली. त्यांच्याकडेही देवीला विडा लागतो. मग वसुधाताईंनी खण काढला. पोपटी रंगाचा, जांभळ्या काठाचा.

तो खण मी ओळखला. मुग्धाने मला फोनवर दाखवला होता. सासूबाईंनी डोहाळजेवणात तिची ओटी भरायला म्हणून चार दुकानं पालथी घालून आणला होता.

मी काही बोलायच्या आत खण तबकात गेला, तबक देवीसमोर गेलं, त्या बाईंनी उदबत्ती लावली आणि ती जळेपर्यंत बाहेर बसा, अशी खूण केली.

पायऱ्यांवर बसल्यावर मी विचारलं, "वसुधाताई, हा तर मुग्धाचा खण."

"हो. पण तिची ओटी भरायला मी कुठे आहे?"

"तुम्ही चालल्या आहात म्हणून नाही आहात!"

"नाही हो." त्या नदीकडे बघत होत्या. "तुमच्या यादीत पाच नावं होती, सुलभाताई. सगळी वाचली मी."

आणि मला ती यादी आठवली. दोन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत, सँडविच खाता खाता मी केली होती आणि घरच्या ग्रुपवर टाकली होती. मुग्धा तो ग्रुप उघडतच नाही. वर ठळक अक्षरात 'पाच सवाष्णी', खाली माझ्या पाच मैत्रिणींची नावं. त्याखाली 'फराळ'.

"माझंही नाव होतं तसं," वसुधाताई म्हणाल्या. "चकल्यांच्या समोर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या इथल्या मराठी मंडळात महिला दिनाला मी याच विषयावर भाषण ठोकलं आहे. टाळ्यासुद्धा घेतल्या आहेत. आणि हात मात्र आपसूक सवाष्णी लिहून मोकळा झाला होता. त्या बाळाच्या सख्ख्या आजीला मी चकल्या तळायला बसवलं होतं आणि वर तिलाच समजवायला तीन दिवस तिच्या मागे लागले होते.

"मी मुद्दाम नाही हो केलं."

"ठाऊक आहे मला. मुद्दाम केलं असतंत तर भांडले असते."

मी रडायला लागले. त्या झग्याच्या बाह्या फार लांब होत्या, त्या बाह्यांनीच मी डोळे पुसले.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "मी तरी काय वेगळी? माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणाला माझ्या मोठ्या जाऊबाई आत पुऱ्या लाटत होत्या. त्यांचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मी सगळ्यांना ओटी भरायला हाका मारल्या, त्यांना मारली नाही. वाईटपणाने नाही. डोक्यातच आलं नाही. तुमची यादी वाचली त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, आतमध्ये कसं वाटत असेल ते. आता त्या नाहीत, कुणाला सांगू?" मग म्हणाल्या, "म्हणून म्हटलं, आपण जावं. माणूस हजर नसलं की त्याला टाळावं लागत नाही. तुम्हालाही अवघड नको."

"मी यादी बदलते. पहिलं नाव तुमचं."

त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

तेवढ्यात गाभाऱ्यातल्या बाई तबक घेऊन बाहेर आल्या आणि ते जसंच्या तसं त्यांनी वसुधाताईंपुढे धरलं. नारळ, खण, विडा, सगळं. वसुधाताई दचकून मागे सरकल्या. आपल्याकडे ओटी भरली की ती देवीची. "सांगा ना यांना, देवीला दिलेलं परत घेत नाहीत."

मी मोबाइल पुढे केला. त्या बाई व्हिएतनामीत बोलल्या आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. मी ती वाचून मराठीत सांगितली. देवीने पाहिलं. आता घरी न्या आणि घरातल्यांना द्या. तिथली रीतच तशी आहे. उदबत्ती जळली की वाहिलेलं सगळं आशीर्वाद म्हणून परत न्यायचं. तिथेच सोडून जाणं म्हणजे आशीर्वाद नको म्हणणं.

वसुधाताई तरीही हात पुढे करेनात. त्या बाईंनी क्षणभर वाट पाहिली, मग त्यांच्या साडीचा पदर स्वतःच उलगडून धरला आणि एकेक वस्तू त्यात घातली. तांदूळ, नारळ, विडा आणि सगळ्यात वर खण. कुणी शिकवलं नव्हतं. पदर दिसला आणि त्यांना कळलं.

वसुधाताई भरलेला पदर दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. "हिने मला काही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझे तर थांबलेच नव्हते.

तिथून आम्ही हॉन चोंगला गेलो. एकमेकांवर रचलेले प्रचंड खडक आणि समोर फेसाळणारं पाणी. एका खडकावर राक्षसाच्या पंजाची पाच बोटं उमटली आहेत म्हणतात. वसुधाताईंनी आपला हात लावून बघितला. मी खाली मान घालून मागून चालत होते. कंडेन्स्ड मिल्क घातलेली इथली थंडगार कॉफी आली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "असं तोंड करून बसू नका. कॉफी गोड आहे." मग तिथे आलेल्या एका नवरीच्या फोटोसाठी त्यांनी तिच्या झग्याचा घोळ दहा मिनिटं धरला, कारण फोटोवाल्याला ते जमत नव्हतं. पण तिकिटाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मला काढायचा धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी पहाटे त्या एकट्याच समुद्रात जाऊन निळ्या टोपीवालीचा निरोप घेऊन आल्या. विमानतळावर बॅगा दिल्या, रांगा संपल्या, आणि खुर्चीत टेकल्यावर त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला.

"हे तिकीट पुढे ढकलायचं कसं ते दाखवा."

मी तिथेच ओरडणार होते, पण त्यांनी बोट वर केलं.

"एक अट आहे. पहिलं नाव माझं घालायचं नाही."

"का? तुमचा मान आहे तो!"

"मान नाही, उपकार होतो. पहिली उभी राहिले की पंचवीस बायका माझ्याकडे बघणार. कुणाच्या डोळ्यांत कौतुक, कुणाच्या डोळ्यांत कीव. मग घरी जाऊन चर्चा. मला ते नको. मला मध्ये कुठे तरी घाला. लग्नात जेवायला बसतात तसं. कुणाच्या तरी मागे, कुणाच्या तरी पुढे."

विमानात मी यादी नव्याने लिहिली. 'सवाष्णी' हा शब्द काढला आणि 'ओटी भरणाऱ्या' असं लिहिलं. पाचांत त्यांना घातलं तर सहा होतात. विषम संख्या हवी म्हणून सातवी शोधली, आमच्या बेडोकच्या शेजारीण मिसेस टॅन. त्याही वीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या आणि आजवर आमच्या घरचा एकही हळदीकुंकवाचा लाडू त्यांनी सोडलेला नाही. यादी ग्रुपवर टाकली. कुणी काही लिहिलं नाही. मुग्धाने नेहमीप्रमाणे उघडलीच नसणार. तिला फक्त एवढं कळलं की सासूबाई थांबल्या. चांगीला ती पोट सांभाळत घ्यायला आली होती, ती त्यांच्या गळ्यातच पडली. मला म्हणाली, "आई, काय बोललीस तू त्यांना?" मी म्हणाले, फारसं काही नाही. ते खरंही होतं.

न्हा त्रांग कसं आहे, असं आता मला लोक विचारतात. समुद्र निळा आहे, आप्पे चांगले मिळतात, रस्ता ओलांडायला पुण्याची बाई बरोबर न्यावी. पण माझ्या घरच्या ग्रुपवर, माझ्याच हाताने मी काय लिहिलं होतं, ते वाचायला मला दोन तास विमानाने जावं लागलं, हे कुणाला कसं सांगणार?

रविवारी पासिर रिसच्या हॉलमध्ये मुग्धा फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. बायका चकल्यांच्या ताटांभोवती गर्दी करून मोठमोठ्याने बोलत होत्या. कुणी मुलगा म्हणत होतं, कुणी मुलगी. पहिली उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. चौथ्या वसुधाताई. त्यांनी सुनेला हळदकुंकू लावलं, तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घातला, तिच्या गालांवरून बोटं फिरवली आणि बाजूला झाल्या. पाचवी पुढे आली. बोलणं कुठे थांबलं नाही, कुणी मान वर करून पाहिलं नाही. वसुधाताई गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या, माझा हात घट्ट धरला आणि लहान मुलीसारख्या हसून कानात म्हणाल्या, "झालं हो! कुणाला कळलंसुद्धा नाही."